हेलिकल इंटरपोलेशन: प्रोग्रॅम हाताने लिहावा की कॅममधून काढावा?

धागाकर्ता, भोसरी

हेलिकल इंटरपोलेशन म्हणजे टूल गोल फिरता फिरता वर सरकवणे. सीएनसी मशीनवर एम३० बाय २ चे (व्यास ३० मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर २ मिमी) आतले आटे टॅपऐवजी थ्रेड मिलने, म्हणजे भोकात गोल फिरून आटे कापणाऱ्या टूलने, पाडायला लागल्यापासून माझे मत पक्के झाले आहे, की हा प्रोग्रॅम कॅममधून (टूलचा मार्ग आखून प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) न काढता मशीनवरच्या माणसाने स्वतः लिहावा. टूलचा व्यास १६ मिमी असेल, तर टूलच्या केंद्राची त्रिज्या (३० वजा १६) भागिले २, म्हणजे ७ मिमी येते. बोअरच्या मध्यापासून एक्समध्ये ७ मिमी सरळ सरकायचे आणि जी१७ (एक्स-वाय प्रतल), जी९१ (अंतरे आधीच्या बिंदूपासून) चालू ठेवून ‘जी०३ आय-७. झेड२.’ एवढा एक ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ, द्यायचा (जी०३ म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने वर्तुळ, आय म्हणजे आरंभबिंदूपासून केंद्राचे एक्समधले अंतर, झेड म्हणजे उंची), की एका फेऱ्यात टूल बरोबर एक पिच वर येते. येथे आयच्या जागी आर, म्हणजे त्रिज्या, देऊन चालत नाही, कारण पूर्ण वर्तुळाचा आरंभ आणि शेवट एकाच बिंदूवर असल्यामुळे नुसत्या त्रिज्येवरून केंद्र कोणत्या बाजूला आहे हे ठरतच नाही. याच जॉबचा कॅममधून आलेला प्रोग्रॅम म्हणजे जी०१ च्या, म्हणजे सरळ रेषेच्या, बारीक तुकड्यांची लांबलचक फाइल होती. आटे तपासायचा गेज आत जाईना, तेव्हा त्यातला कोणता आकडा बदलावा हे कोणालाच सांगता येईना.

प्रतिसाद, चाकण

मी याच्याशी सहमत नाही. ते तुकडे कॅमने नव्हे, तर पोस्टने, म्हणजे कॅमचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाने, पाडले. पोस्टमध्ये हेलिकल आर्क चालू केला असता, तर तुमचाच ब्लॉक बाहेर आला असता. आय आणि जे (केंद्राचे वायमधले अंतर) आरंभबिंदूपासून मोजायचे की निरपेक्ष, हेही पोस्टमध्ये एकदा नीट ठरवले की पुन्हा पाहावे लागत नाही, आणि मॅक ३ सारख्या कंट्रोलवर ते जुळले नाही, तर भलतीच वर्तुळे निघतात.

उलट तुमच्या हाताच्या प्रोग्रॅममध्येच दोष आहे. सरळ सरकून आत शिरल्यावर दाताचा संपूर्ण भार एकाच जागी येतो आणि आट्यावर खूण राहते. अर्ध्या वर्तुळाने शिरावे आणि तेवढ्यात झेड अर्धी पिच, म्हणजे १ मिमी, वर यावा. तो वर आला नाही, तर त्या जागी आटा कापला जातो. कॅम हे न विसरता करते.

प्रतिसाद, कोल्हापूर

फीडबद्दल, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाबद्दल (प्रोग्रॅममधला एफ), दोघांनीही लिहिलेले नाही. दाताच्या टोकाला मिनिटाला ४०० मिमी हवे असतील आणि एफ४०० दिला, तर केंद्राचा मार्ग लहान असल्यामुळे टोक दुपटीहून अधिक वेगाने धावते. ४०० गुणिले १४ (केंद्राच्या मार्गाचा व्यास) भागिले ३० केल्यावर १८७ येतात, तोच एफ द्यावा. माझ्या मते आटे पाडताना इन्सर्ट (टूलवरचे बदलता येणारे पाते) उडण्याचे पहिले कारण येथेच शोधावे, मग प्रोग्रॅम कोणीही लिहिलेला असो.

धागाकर्ता, भोसरी

शिरण्याबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो ब्लॉक मी आजच बदलतो. परंतु मूळ मुद्दा कायम आहे. जी४१ (टूलच्या त्रिज्येएवढा मार्ग बाजूला सरकवणारा कोड) आर्कच्या आधीच्या सरळ ब्लॉकमध्ये चालू करावा लागतो, कारण आर्कवरच चालू केला तर फॅनुक कंट्रोल ०३४ अलार्म देते. हे ज्याने स्वतः लिहिले आहे, त्याला गो गेज (जो पूर्ण आत जायला हवा) दोन आटे जाऊन अडकल्यावर कॅमवाल्याला बोलवावे लागत नाही. तो डी मध्ये, म्हणजे कंट्रोलमधल्या टूलच्या त्रिज्येच्या दुरुस्तीत, वजा ०.०२ भरतो, आटा व्यासावर ०.०४ मिमी मोकळा होतो आणि तोच जॉब पुन्हा फिरवून गेज लावता येतो.