आईची राखण करणारा कोन्युअर गेला. मागे राहिलेल्या कॉकाटीलला आणि आईला कसं सांभाळायचं?

पाणकणीस (प्रश्न)

आज पहाटे आमचा सन कोन्युअर (छोट्या पोपटाची एक जात) पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडला. वय ११ वर्षं. डीएनए तपासणी कधी केलेली नाही, नर समजूनच वाढवला. शेवटचं वजन ३ महिन्यांपूर्वी घेतलेलं, ११८ ग्रॅम. खाणं मुख्यतः पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या), सोबत भाज्या आणि थोडा राळा. दोन दिवस पिसं फुगवून बसत होता आणि खाली उतरून दाणे उकरत होता, पण खाताना दिसत होता म्हणून दुर्लक्ष झालं.

तो पूर्णपणे आईचा होता. तिच्या खांद्यावर असताना कुणी दोन हातांच्या आत आलं की अंग पातळ करून, मान पुढे काढून धावून जायचा. समोरचा हाती लागला नाही तर आईच्याच कानाला चावायचा. शेजारच्या पिंजऱ्यात ६ वर्षांचा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) आहे, दोघं कधी एका पिंजऱ्यात नव्हते. सकाळपासून कॉकाटील सारखा हाका मारतोय आणि निम्मंही खाल्लेलं नाही.

१) शवविच्छेदन करावं का? देह सध्या एका डब्यात ठेवलाय, ५ तास झालेत.
२) कॉकाटीलसाठी आत्ता काय करायचं? लगेच दुसरा पक्षी आणावा का?
३) आई रिकाम्या पिंजऱ्याला हात लावू देत नाही. घरातले म्हणतात, "निदान आता चावे तरी थांबतील." ते ऐकून ती आणखी मिटून गेलीय.

चोचपाणी

आधी देहाचं बघा, कारण वेळ त्यालाच कमी आहे. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर असतं आणि पिसं ती ऊब धरून ठेवतात, त्यामुळे आतले अवयव फार लवकर खराब होतात. हातमोजे घाला. गार पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि त्या पाण्यानं पिसं त्वचेपर्यंत भिजवा. मग देह प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि तो डबा फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. टॉवेलात किंवा कागदात गुंडाळू नका, ऊब आत कोंडते. फ्रीजरमध्ये तर ठेवूच नका. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यासारखं फारसं उरत नाही. २४ तासांत देह पोचवता आला तर उत्तम. दोन-तीन दिवसांनीही काही कळू शकतं, पण उत्तर मिळायची शक्यता तासागणिक घटते.

करावं का? घरात दुसरा पक्षी आहे, तेव्हा माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. मरणाचं कारण संसर्गाचं असेल तर कॉकाटीलसाठी आणि तुमच्यासाठीही ते कळण्याची गरज पडेल. पोपटवर्गीय पक्ष्यांचा क्लॅमिडिया हा जिवाणू माणसाला लागतो. सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. घरात कुणाला असं झालं तर डॉक्टरांना 'घरात पक्षी मेलाय' हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर ते कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरा मुद्दा लिंगाचा. सन कोन्युअरमध्ये नर-मादी दिसायला सारखे. माणसाला जोडीदार मानून त्याची राखण करणारी मादी नराशिवायही अंडी घालते. खाली उतरून उकरणं, तळाशी बसणं, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होणं ही अंडं अडकल्याचीही लक्षणं असतात. हा निदानाचा दावा नाही, पण पोट उघडलं की एका नजरेत कळतं.

देहासोबत एक कागद द्या: वय, शेवटचं वजन, खाणं, गेल्या १५ दिवसांत घरात आलेल्या नव्या वस्तू. घंटी, साखळी, पिंजरा (शिसं आणि झिंक), रंगकाम, फवारे आणि नॉनस्टिक भांडं. रिकामं तापलेलं नॉनस्टिक भांडं जो वायू सोडतं तो माणसाला जाणवतही नाही, पण पक्ष्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो. तुमचा कॉकाटील धडधाकट आहे, त्यामुळे तसं झालं असण्याची शक्यता कमी, तरी लिहा. यकृताचा एक तुकडा गोठवून राखायला सांगा. पुढे धातूंची तपासणी करावीशी वाटली तर तो लागतो. डोळ्यांनी दिसणारं त्याच दिवशी कळतं, ऊतींचा अहवाल यायला आठवडा किंवा जास्त लागतो. कधी कधी कारण सापडतच नाही. आईला हे आधीच सांगून ठेवा.

राळ्याचं_कणीस

कॉकाटीलबद्दल. वेगळ्या पिंजऱ्यात असले तरी ते एकमेकांचा कळप होते. तो मारतोय ती संपर्काची हाक आहे, 'मी इथे, तू कुठे?' अशी. पलीकडून उत्तर येत नाही म्हणून तो ती पुन्हा पुन्हा मारतो. तुम्ही उत्तर द्या. एकच छोटी शीळ ठरवा आणि खोलीतून बाहेर जाताना, परत येताना, आणि त्याची हाक आली की तीच वाजवा, घरातल्या सगळ्यांनी. कोन्युअरचे जुने व्हिडिओ त्याच्या कानावर पडतील असे लावू नका. आवाज येतो, पक्षी दिसत नाही, आणि त्याची शोधाशोध नव्यानं सुरू होते. आईला ते बघावेसे वाटतील, तिनं इअरफोन लावून बघावेत.

वजनकाटा आजच काढा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी पहिली विष्ठा टाकल्यावर, खाण्याआधी वजन घ्या आणि लिहा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होणं चालतं. १० टक्के घटलं, म्हणजे ९० चा ८१ झाला, की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. वाटीतले दाणे बघून फसू नका. पक्षी दाणे सोलतो, इकडेतिकडे उडवतो आणि पोटात काही जात नाही. वाटीत टरफलांचा थर साचला की ती भरलेली दिसते. विष्ठा खरं सांगते: संख्या कमी, आकार बारीक, रंग गडद हिरवा-काळा, तर पोट रिकामं आहे. छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागतंय का तेही बघा.

राळ्याचं कणीस हातात धरून द्या. या दिवसांत लाड केलेले चालतात, पेलेटची शिस्त नंतर. पिंजऱ्याची जागा, दांड्या, वाट्या काहीही हलवू नका. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी, पण कॉकाटील अंधारात दचकून धडपडतात, तेव्हा एक मंद दिवा असू द्या.

दुसरा पक्षी आत्ता नको. आधी शवविच्छेदनाचा अहवाल, मग कॉकाटीलची तपासणी, आणि त्यानंतरही नवा पक्षी निदान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत. शिवाय नवा पक्षी कॉकाटीलला आवडेलच असं नाही. दुःखातल्या घरात भांडणारे दोन पक्षी ही वेगळीच कसरत होते.

वळचण

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण राखणदार पक्ष्याचं दुःख इतर पाळीव प्राण्यांच्या दुःखासारखं नसतं.

पोपटवर्गीय पक्षी बहुतेक जोडीनं राहतात आणि जोडीदाराजवळ तिसऱ्याला येऊ देत नाहीत. तुमच्या कोन्युअरनं आईला जोडीदार मानलं होतं. अंग पातळ करणं, मान काढणं, धावून जाणं ही सगळी तीच वागणूक. कानाचा चावासुद्धा. प्रतिस्पर्धी आवाक्यात नसतो आणि जोडीदार जागेवरून हलत नाही, तेव्हा तो राग जवळच्यावर निघतो. हे आईला नक्की सांगा. पुष्कळांच्या मनात 'शेवटपर्यंत मलाच चावत होता' हे सलत राहतं. तो चावा तिच्याविरुद्ध नव्हता.

म्हणजे ११ वर्षं एक जीव दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. आता ती नजर नाही. शरीर ती सवय लगेच सोडत नाही: एक खांदा जरा उचललेला, दाराची बेल वाजली की हात कानाकडे, कप दुसऱ्या हातात. दिवसात पन्नास वेळा अंग तयार होतं आणि पन्नास वेळा खांदा रिकामा निघतो. लोक म्हणतात 'ती विसरत का नाही', पण ती मुद्दाम आठवत बसलेली नसते. शक्य असेल तर ज्या वेळी तो खांद्यावर असायचा त्या वेळी तिच्याजवळ कुणीतरी बसा, अगदी त्या दोन हातांच्या आत, जिथे इतकी वर्षं कुणाला येता आलं नव्हतं. पहिले काही दिवस तिलाही ते अवघड वाटेल.

घरातल्यांचं वाक्य लागण्यासारखं आहे, पण त्यांना गप्प बसवू नका. ज्यांना वर्षानुवर्षं चावे बसले त्यांना सुटल्यासारखं वाटणारच, आणि बहुधा त्याची लाजही वाटते. सुटका आणि दुःख एकाच घरात, एकाच माणसातही, सोबत राहू शकतात. फक्त तिच्यासमोर 'निदान' या शब्दानं वाक्य सुरू करायचं नाही, एवढं पाळा. घरात लहान मुलं असतील तर 'झोपला' किंवा 'उडून गेला' सांगू नका. ती खिडकीत वाट बघतात, नाहीतर झोपायला घाबरतात. 'मेला, त्याचं शरीर थांबलं, तो परत येणार नाही' हेच सांगा.

अपराधाबद्दल: पक्षी आजार लपवतात. निसर्गात आजारी दिसणारा आधी शिकार होतो, त्यामुळे पिसं फुगवण्याची वेळ येते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. दोन दिवस आधी नेऊन तो वाचला असता की नाही हे अहवालाशिवाय ठरवू नका, आईलाही ठरवू देऊ नका. ती काही आठवडे नीट झोपत-जेवत नसेल तर समुपदेशकाकडे जाण्यात काही वावगं नाही.

एक सावधगिरी. आईपर्यंत पोचायची वाट आता कॉकाटीलला मोकळी झालीय आणि तो तिच्याकडे झेपावेल. तिलाही तो खांद्यावर हवासा वाटेल. घेऊ द्या, पण हातावर, छातीच्या उंचीला, आणि दिवसातून थोडा वेळ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावरही. कुरवाळणं फक्त डोकं आणि मान. पाठ आणि पंखांखाली हात फिरवला की पक्षी तो जोडीदाराचा स्पर्श समजतो. नाहीतर वर्षभरात नवा राखणदार तयार.

पाणकणीस

देह पोचवला. पोट उघडल्यावर लगेच कळलं, ती मादी होती आणि अंडं अडकलं होतं. ऊतींचा अहवाल बाकी आहे. आई 'ती' म्हणायला लागलीय. कॉकाटील सकाळी ८८ ग्रॅम होता. आता पिंजरा कसा साफ करू? आणि आईला एक पीस ठेवायचं आहे.

चोचपाणी

अंडं हे कारण असलं तरी ऊतींचा अहवाल येईपर्यंत संसर्ग आहे असंच धरून चाला. कॉकाटीलला दुसऱ्या खोलीत न्या, ब्लीचचा वास त्याला सोसत नाही. एन-९५ मास्क, हातमोजे. सुकी विष्ठा झाडू नका, व्हॅक्यूम लावू नका. आधी पाणी शिंपडून भिजवा, मग पुसा. साबणानं पूर्ण धुवा, कारण घाण असेल तिथे ब्लीच निकामी होतं. त्यानंतर १ भाग घरगुती ब्लीच, ३२ भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्या, भरपूर पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. लाकडी दांड्या आणि दोऱ्या निर्जंतुक होत नाहीत, टाकून द्या. हे लगेच करावं लागेल, पण पिंजरा धुऊन त्याच जागी परत ठेवता येतो. तो तिथून कधी हलवायचा हे आईला ठरवू द्या.

पीस: अंगावरची पिसं भिजली असतील, तेव्हा पूर्वी गळलेलं एखादं शोधा. अहवाल येईपर्यंत ते बंद पिशवीत. संसर्ग नाही असं कळलं की कोमट साबणपाण्यात धुवा, देठाकडून टोकाकडे बोटानं सरळ करत वाळवा, आणि पुन्हा बंद पिशवीत ३ दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे माइट आणि किडे मरतात. जंतू मात्र थंडीनं मरत नाहीत, म्हणून अहवाल आधी. देह परत मिळाला तर निदान २ फूट खोल पुरा, प्लास्टिकशिवाय, विहिरीपासून लांब.