अनुभव धागा : दशावतारातल्या राक्षसाने तुम्हाला कधी हसवले?

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळाची पालखी फिरून आली की रात्री दशावतारी नाटक, म्हणजे कोकणातले पारंपरिक लोकनाट्य, उभे राहते. देव जिंकणार आणि राक्षस मरणार, हे नाटक सुरू होण्याआधीच सर्वांना ठाऊक असते. तरीही माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात ती, माझ्या मते, राक्षसासाठीच. तुम्हाला आठवणारा राक्षस, त्याची मायावी विद्या आणि त्याने उडवलेली धमाल येथे सविस्तर लिहावी, ही विनंती.

वेंगुर्ले

लहानपणी मला संकासुराची धडकी भरत असे. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा, काळ्या वेषातला, तोंड झाकून लाल जीभ लोंबवणारा हा दैत्य आला की मी आजीच्या पदराआड लपत असे. परंतु विष्णू शुद्ध पुस्तकी मराठीत त्याला युद्धाचे आव्हान देऊ लागला की हा पठ्ठ्या अस्सल मालवणीत ‘आधी सांग, तू खयच्या गावचो?’ असे विचारी आणि मग गावच्या रस्त्यापासून वायरमनपर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाई. वेद बिचारे बाजूलाच राहत.

कुडाळ

माझे काका पायपेटी, म्हणजे पायाने भाता हलवून वाजवायची हार्मोनियम, वाजवीत. दशावताराला लिखित संहिता नसते; तोंडाला रंग लावता लावता आख्यान आणि सोंगे ठरतात, संवाद जागच्या जागी सुचतात. एका जत्रेत मायावी राक्षस ‘आता मी राजाचे रूप घेतो’ असे गरजून आत गेला आणि लगोलग राजाचे सोंग घेतलेला नट बाहेर येऊन राक्षसासारखा गडगडाटी हसला. कायापालटाला एवढे पुरते. राणी भुलली, मात्र पुढे बसलेल्या एका आजींना ते सहन होईना. त्या उठून ओरडल्या, ‘गो बाय, तो तुझो घोव न्हय!’ राणी, म्हणजे अर्थातच मिशी काढलेला पुरुष, पदर सावरीत म्हणाली, ‘काकी, माका कळता, पण आख्यान फुडे जावक व्हया मां!’ काकांनी पायपेटीचे सूर चढवून तो हशा कसाबसा झाकला.

परळ, मुंबई

आम्ही चाकरमान्यांची मुले. आमचा दशावतार दामोदर नाट्यगृहातला. तेथे वेळेचे बंधन असल्याने राक्षस जरा घाईनेच मरत असे. एकदा तर मेलेला राक्षस उठून स्वतःच चालत आत गेला आणि थोड्याच वेळात नारद होऊन परतला. टाळ्या नारदालाच अधिक पडल्या.

सावंतवाडी

हल्लीच्या ट्रिकसीनबद्दल, म्हणजे यंत्रांनी घडवलेल्या चमत्कारांच्या दृश्यांबद्दल, माझे मत फारसे चांगले नाही. ज्या नाटकात एकच लाकडी बाकडे सिंहासन, डोंगर आणि रथ होऊ शकते, तेथे रंगीत दिवे आणि धुराची यंत्रे कशाला हवीत? तथापि एका रात्री धुरानेच मजा आणली. राक्षस अदृश्य व्हायचा होता, पण धूर इतका दाटला की त्याच्याबरोबर विष्णू, बाकडे आणि पुढच्या दोन रांगाही अदृश्य झाल्या. आतून खोकल्याची उबळ आणि पाठोपाठ राक्षसाचा आवाज आला, ‘विद्या जरा जास्तच झाली!’ विष्णूने चाचपडत विचारले, ‘खंय आसस रे?’ त्यावर राक्षस म्हणाला, ‘हय आसंय देवा, आवाजार मार!’ पुढच्या जत्रेत त्याच मंडळींनी धूर मुद्दाम जास्त सोडला.