‘महाकाय’ कृष्णविवर म्हणावं का?

मुलांच्या मासिकासाठी आलेला लेख तपासतेय. लेखकाने सगळीकडे ‘महाकाय कृष्णविवर’ लिहिलंय आणि माझी पेन्सिल ‘काय’वर अडली. काय म्हणजे देह. इथे अफाट आहे ते वस्तुमान. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे 40 लाख सूर्यांइतकं जड आहे, पण त्याचं घटनाक्षितिज, म्हणजे जिच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही ती सीमा, जेमतेम अडीच कोटी किलोमीटर रुंद. बुधाच्या कक्षेत सहज मावेल! ‘अतिवस्तुमानी’ अचूक आहे, पण दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसेल का? आणि ज्या छोट्या कृष्णविवरापासून हे महाकाय वाढतं त्याला लेखात ‘बीज’ म्हटलंय, तो शब्द चालेल का?

— ताई, ‘महाकाय’ ठेवा, रुळलाय तो. तसं ‘विवर’ तरी कुठे चपखल आहे? लोणारचं विवर म्हटलं की जमिनीतला खड्डा दिसतो. तरी 1974 साली नारळीकरांनी कथेला ‘कृष्णविवर’ हेच नाव दिलं आणि शब्द घरोघरी गेला. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे वस्तुमानाने महाकाय’ एवढं जोडा.

— ‘बीज’ अजिबात काढू नका, महाकाय कृष्णविवरं इतक्या लवकर कशी वाढली, हा सगळा वाद त्या बीजाचाच आहे. कृष्णविवरात वायू पडताना इतका तापतो की त्याच्या प्रकाशाचा दाब मागून येणाऱ्या वायूला रेटतो. त्यामुळे वाढीला लगाम बसतो, वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण 3 ते 4 कोटी वर्षं लागतात. हे चक्रवाढ व्याज आहे, मुद्दल किती यावर सगळं ठरतं. पहिल्या ताऱ्यांच्या मरणातून उरलेलं बीज शंभरेक सूर्यांचं. त्याचे एक कोटी सूर्य व्हायला सतराएक वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे 50 कोटींहून जास्त वर्षं, तीही एकदाही उपास न घडता. आणि 2023 मध्ये चंद्रा व जेम्स वेब दुर्बिणींनी यूएचझेड-1 या दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासमूहात) विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या 47 कोटी वर्षांत किमान तेवढं जड कृष्णविवर दाखवलं. म्हणून प्रियंवदा नटराजन आणि इतर काही शास्त्रज्ञ ‘जड बीज’ मांडतात: प्रचंड वायुमेघ तारे न बनवता थेट कोसळतो आणि सुरुवातच दहा हजार ते लाख सूर्यांपासून होते.

— मग ‘जड बीज’ आणि ‘हलकं बीज’ ही जोडी छान आहे. शेतकऱ्याच्या पोरालाही लगेच कळेल.

— ठरलं. ‘महाकाय’ ठेवते, पहिल्या उल्लेखाला खुलासा देते. बुधाच्या कक्षेचं चित्रही काढून घेते.