रत्नागिरीहून पुण्याला ताजी मासळी पाठवायची आहे, पेटी कशी भरावी?

खाडीकाठ: नमस्कार मंडळी. मिरकरवाड्याला (रत्नागिरीचं मासेमारी बंदर) सकाळी लिलावात घेतलेली सुरमई, बांगडा, कोळंबी रात्रीच्या खासगी बसने पुण्यातल्या ओळखीच्या घरांना पाठवायचा विचार आहे. थर्माकोलच्या पेट्या आणि लादीचा बर्फ मिळतो. रीफर (थंड ठेवणारी) गाडी सध्या परवडणारी नाही. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून सुरू करण्याआधी विचारतोय.

शीतघर: आधी बांगड्याचं बोलू, खरा धोका तिथे आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) उष्णतेत राहिले की जीवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते मग बर्फाने जात नाही, तळून नाही, उकळूनही नाही. वासावरून दर वेळी ओळखूही येत नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, पित्त उठल्यासारख्या गांधी येतात, डोकं ठणकतं. त्यामुळे सकाळी घेतलेला माल संध्याकाळपर्यंत टोपलीत ठेवून मग पेटी भरणं अजिबात नको. लिलाव संपला की लगेच बर्फात.

बर्फ किलोला किलो. मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच किलोमागे जवळपास एक तृतीयांश किलो बर्फ खर्ची पडतो, उरलेला वाटेतल्या उन्हाळ्याशी झुंजतो. लादीचा बारीक चुरा करा. मोठे खडे मासळीला टोचतात आणि मधे पोकळ्या राहतात. खाली बर्फ, मग मासळी, मग बर्फ, वरचा थर जाड. गळकी पेटी बसवाले घेणार नाहीत, म्हणून तळाशी पालथी जाळी ठेवा. पाणी खाली साचेल, मासळी त्यात भिजत पडणार नाही.

आणि बर्फ खाण्याचाच घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देणं सक्तीचं आहे. निळसर दिसला तर हात लावू नका.

खाडीकाठ: खूप आभार! व्हॅक्यूम पॅक करून पाठवू का? बरेच जण मागतात.

शीतघर: ताज्या मासळीला नको. हवा काढली की बोटुलिनमसारख्या जीवाणूंना रान मोकळं मिळतं. त्यांचा एक प्रकार ३.३ अंशांच्या वर वाढून विष तयार करू शकतो, आणि घरचा फ्रिज बहुधा त्याहून गरमच असतो. उणे १८ला गोठवलेला माल असेल तर चालेल, पण फ्रिजमध्ये वितळायला ठेवण्याआधी पाकीट फोडायला सांगा.

कोथरूडकर_मावशी: पुण्याच्या टोकाचं मी सांगते. बस पहाटे येते, पेट्या थांब्यावर उतरतात आणि पोरगा गाडी घेऊन येईपर्यंत तिथेच पडून राहतात. रात्रभर सांभाळलेला माल तिथे मार खातो. पेटी उतरवून घ्यायला माणूस आधीच हजर हवा. त्याच्याकडे टोचायचा थर्मामीटर द्या, सगळ्यात जाड सुरमईच्या मधोमध ५ अंशांच्या वर आकडा दिसला तर ती पेटी वाटायची नाही. थर्मामीटर अधूनमधून बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवला पाहिजे. झाकण काढल्यावर मासळीभोवती बर्फ शिल्लक दिसायला हवा. तो संपलेला असेल तर पैसे परत, हे गिऱ्हाइकांना आधीच कळवून ठेवा.

खाडीकाठ: डिकी किती तापते हाच माझा मोठा प्रश्न आहे. रविवारी विक्रीचा माल न भरता एकच पेटी पाठवतो, आत तापमान नोंदणारं यंत्र ठेवून. आकडे इथेच टाकतो.