इंग्लंडच्या किनाऱ्यावर मदत नेमकी केव्हा मागावी? लाइफबोटीवरील स्वयंसेवकांविषयी प्रश्न

खाडीकाठ (ब्रिस्टल):

नमस्कार. माझे आईबाबा सध्या रत्नागिरीहून आमच्याकडे आलेले आहेत. गेल्या रविवारी आम्ही सगळे वेस्टन-सुपर-मेअरच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी पूर्ण झालेली होती आणि पाणी इतके दूर गेले होते की डोळ्यांवर हात धरूनच त्याची रेघ दिसत होती. बाबांचे सारे आयुष्य समुद्राच्या शेजारी गेले आहे, त्यामुळे ते निर्धास्तपणे ओल्या पुळणीवरून पाण्याच्या दिशेने चालत निघाले. चिखलाविषयीची धोक्याची पाटी आम्ही वाचली होती, पण पायाखाली घट्ट वाळू लागत होती म्हणून तिचे कोणालाच काही वाटले नाही.

वाळू कोठे संपली आणि करडा चिखल कोठे सुरू झाला, हे कळलेच नाही. बाबांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि तो उपसण्यासाठी त्यांनी डाव्या पायावर जोर दिला, तेव्हा तोही तितकाच आत गेला. मी त्यांच्यापासून तीस-चाळीस फुटांवर होतो आणि फोन माझ्या हातातच होता. तरीही मी ९९९ हा क्रमांक लावला नाही. बाबा "काही नाही, निघेल" म्हणत होते, आजूबाजूचे लोक पाहत होते आणि एवढ्याशा गोष्टीसाठी सुटीच्या दिवशी कोणाला घरातून बाहेर काढायचे, या विचाराने मला भीड पडली. शेवटी कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका गृहस्थांनी मला हातानेच जागेवर थांबवले आणि लांबूनच बाबांना सांगितले, की खांद्यावरची पिशवी टाका, पाठीवर रेला आणि एक-एक पाय हळूहळू हलवत मोकळा करा. बाबा सुटले. त्यांची एक चप्पल मात्र चिखलातच राहिली. दीड तासाने आम्ही बंधाऱ्यावरून पाहिले, तेव्हा त्या जागेवर पाणी होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. अशा वेळी फोन करायला हवा होता का, आणि केला असता तर कोण आले असते? त्यासाठी पैसे द्यावे लागतात का? लाइफबोटीवर जाणारे लोक पगाराशिवाय हे काम करतात असे ऐकले आहे. ते खरे असेल, तर त्यांना आपल्या चुकीसाठी बोलावणे योग्य आहे का? पुढच्या महिन्यात आम्ही कॉर्नवॉललाही जाणार आहोत, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टिटवी (कॉर्नवॉल):

सर्वप्रथम, तुमचे बाबा सुखरूप आहेत हे वाचून फार बरे वाटले. मी गेली सहा वर्षे इथल्या एका लाइफबोट स्थानकावर किनारा पथकात स्वयंसेवक आहे. म्हणजे मी बोटीतून समुद्रात जात नाही, तर बोट पाण्यात सोडणे, ती परत ओढून घेणे आणि पुढच्या हाकेसाठी सज्ज करणे हे माझे काम आहे. त्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मी कोणताही आडपडदा न ठेवता देऊ शकते: हो, पहिला पाय रुतला त्याच क्षणी फोन करायला हवा होता. ९९९ लावून "कोस्टगार्ड" हा एकच शब्द सांगायचा. सुटकेचे कोणतेही शुल्क घेतले जात नाही. खऱ्या काळजीपोटी फोन केला आणि आम्ही पोहोचेपर्यंत माणूस आपला आपण सुटला, तर आम्ही आनंदाने परत फिरतो. त्याबद्दल कोणाला दोष दिल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. उलट, "त्रास द्यायला नको वाटले" हे वाक्य ज्या वेळी ऐकावे लागते, त्या वेळी बहुधा उशीर झालेला असतो आणि तेच आमच्या मनाला लागते.

आता व्यवस्था कशी चालते ते सांगते. तुमचा फोन कोस्टगार्डकडे जातो, ती सरकारी यंत्रणा आहे. कोणाला पाठवायचे हे तिथला अधिकारी ठरवतो. वेस्टनसारख्या ठिकाणी चिखलातून माणूस सोडवण्याचे प्रशिक्षण घेतलेले कोस्टगार्डचे किनारा पथक येते आणि त्यातील माणसेही बहुतांशी स्वयंसेवकच असतात. शिवाय त्या भागात चिखलावरून आणि पाण्यावरून सारखेच धावणारे हॉवरक्राफ्टही बचावासाठी वापरले जाते. लाइफबोटी मात्र मुख्यतः रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, म्हणजे आरएनएलआय, या धर्मादाय संस्थेच्या आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून तिची २३८ स्थानके आहेत आणि तिचा खर्च प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर व मृत्युपत्रांतून आलेल्या रकमांवर चालतो. आइल ऑफ मॅनमधील डग्लस येथे राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी आपल्या दारासमोर फुटणारी जहाजे पाहून १८२३ मध्ये एक आवाहन प्रसिद्ध केले आणि त्यातून ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये ही संस्था उभी राहिली. पहिल्या दोनशे वर्षांत तिने १ लाख ४६ हजारांहून अधिक जीव वाचवले.

काही स्थानकांवर पगारी कॉक्सवेन, म्हणजे आपल्या भाषेत तांडेल, किंवा पगारी मेकॅनिक असतो आणि लंडनमध्ये टेम्स नदीवर काही पूर्णवेळ माणसेही आहेत. बाकी जवळजवळ सगळे स्वयंसेवक. आमच्या स्थानकावर एक शिक्षिका, एक सुतार, दोन मच्छीमार आणि एक बेकरीवाला आहे. कमरेचा पेजर वाजला की हातातले काम तसेच टाकून निघायचे. बोटघरात प्रत्येकाच्या नावाच्या खुंटीखाली बूट ठेवलेले असतात आणि पिवळी विजार त्या बुटांवरच गुंडाळून ठेवलेली असते, म्हणजे बुटांत पाय घातला की विजार नुसती वर ओढायची. साधारण दहा मिनिटांत बोट पाण्यात असावी, असा प्रयत्न असतो. बोट परत आली की कितीही वाजले असोत, ती गोड्या पाण्याने धुवायची, इंधन भरायचे, दोर सुकवून गुंडाळायचे आणि मगच घरी जायचे. कारण पुढचा पेजर पहाटे वाजेल की महिन्याने, हे कोणालाच ठाऊक नसते.

"आपल्या चुकीसाठी त्यांना बोलावणे योग्य आहे का" या तुमच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. तुम्ही कॉर्नवॉलला याल, तेव्हा माउझल या लहानशा गावाजवळचे जुने पेनली बोटघर अवश्य पाहा. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री युनियन स्टार नावाचे मालवाहू जहाज इंजिन बंद पडल्यामुळे वादळात खडकांकडे वाहू लागले आणि सॉलोमन ब्राउन ही लाकडी लाइफबोट त्याच्या मदतीला निघाली. तांडेल होते ट्रेव्हेलियन रिचर्ड्स. अशा रात्री एकाच घरातली दोन माणसे बोटीवर नकोत, म्हणून बापलेकांपैकी मुलाला त्यांनी किनाऱ्यावरच ठेवले. पुन्हापुन्हा जहाजाला भिडून त्यांनी चार जणांना बोटीत घेतल्याचा निरोप रेडिओवरून दिला आणि त्यानंतर संपर्क तुटला. लाइफबोटीवरचे आठही स्वयंसेवक आणि जहाजावरचे आठ जण, असे सोळा जीव गेले. दुसऱ्याच दिवशी त्या गावातून नवे पथक उभे राहील इतकी माणसे पुढे आली.

त्या बोटघरासमोर उभी राहिले की मला वाटते, चूक कोणाची होती हा प्रश्न ही माणसे विचारतच नाहीत. म्हणून तो तुम्हीही फोन उचलताना स्वतःला विचारू नये. लवकर आलेला फोन त्यांच्याही जिवाचा धोका कमी करतो. उजेडात, पाणी चढण्याआधी गुडघाभर चिखलातून माणूस काढणे आणि अंधारात, कमरेपर्यंत पाणी आल्यावर त्याच माणसासाठी पथक उतरवणे, यांत फार मोठे अंतर आहे.

गलबत (रत्नागिरी):

तुमच्या बाबांची चूक मला नीट समजते, कारण मीही तीच केली असती. आपल्याकडे भरतीचे गणित अंगवळणी पडलेले असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सुमारे सहा वाजता आणि पुनवेला किंवा अवसेला साधारण सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, हे कोकणात लहान मुलालाही तोंडपाठ असते. पण हे गणित आपल्या किनाऱ्यापुरतेच खरे आहे. चंद्र तोच असला, तरी प्रत्येक बंदरात भरती पोहोचण्याचा वेळ किनाऱ्याच्या आणि समुद्रतळाच्या ठेवणीप्रमाणे वेगळा असतो. त्यामुळे परदेशात छापील किंवा फोनवरचे भरतीचे कोष्टकच पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडे उधाणाच्या भरतीलाही पाणी जेमतेम अडीच-तीन मीटर चढते. तुम्ही गेला होता तो ब्रिस्टलचा आखात नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, म्हणून तिथे उधाणाला अकरा-बारा मीटरचा फरक पडतो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये त्याची गणना होते. किनारा जवळजवळ सपाट असल्यामुळे तेवढे पाणी समोरून भिंतीसारखे येत नाही, ते ओहळांतून तुमच्या पाठीमागे आधी शिरते. माणूस समुद्राकडे पाहत उभा असतो आणि परतीची वाट मागून बुडालेली असते.

आपल्याकडेही हे दुःख नवे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या वेळीही आणि इतर अनेक वेळा सर्वप्रथम पाण्यात उतरले ते स्थानिकच, कारण कोकणात होडी घेऊन धावणारा मच्छीमार हाच पिढ्यान्‌पिढ्या बचाव पथक आहे. त्याला ना पेजर, ना प्रशिक्षण, ना बुडालेल्या दिवसाची भरपाई. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे, तो किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ असावा. पण गावोगावच्या नाखवांना लाइफजॅकेट, वायरलेस आणि नियमित सराव देऊन अशी पथके इथेही बांधता येतील, असे मला मनापासून वाटते.

शंखशिंपले (केंट):

कॉर्नवॉलला जाणार आहात म्हणून थोडे पोहण्याविषयी लिहितो. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेली जागा, आणि पाण्यात उतरायचे ते अशा दोन झेंड्यांच्या मधेच. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा असेल तिथे सर्फिंगच्या फळ्या वेगाने येतात, तिथे पोहू नये. नुसता लाल झेंडा असेल, तर पाण्याला पायसुद्धा लावू नये. आणि नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल, तर मुलांची हवेने फुगवलेली खेळणी गाडीतच ठेवावीत, कारण जमिनीकडून वारा सुटला की ती पाहता पाहता खोल पाण्यात जातात.

इथल्या पाण्याची थंडी आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. कोकणातले पाणी वर्षभर कोमट असते. इथे समुद्राचे सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास आहे आणि १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या पहिल्या धापेत पाणी छातीत गेले, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून पडल्याबरोबर हातपाय मारू नयेत. डोके मागे टाकून कान पाण्यात बुडू द्यावेत, तोंड वर ठेवावे, हात हलके हलवत तरंगावे. साधारण मिनिट-दीड मिनिटात धाप ओसरते, मग हाक मारावी किंवा पोहावे. पाण्याची ओढ आत नेऊ लागली, तर तिच्या उलट पोहण्याचा हट्ट करू नये. पाय टेकत असतील तर चालत बाहेर यावे, नाहीतर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, आणि एक हात उंच धरावा. आईंना साडी किंवा सलवार-कमीजमध्ये लाटांत उभे राहायचे असेल, तर घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. भिजलेला कापडाचा घोळ पायांत अडकतो आणि लाट परतताना माणसाला उभे राहू देत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी, आमच्यापासून फार दूर नसलेल्या कॅम्बर सँड्सला लंडनहून आलेले श्रीलंकी तमिळ वंशाचे पाच तरुण एकाच दुपारी बुडून गेले. तिथे तेव्हा जीवरक्षक नव्हते, ते त्यानंतर नेमले गेले. ऊन पडलेले, वाळू सपाट, किनाऱ्यावर हजारो माणसे, असा तो दिवस होता. मी त्यानंतर कितीतरी वेळा तिथे गेलो आहे. भरती चढू लागली की वाळूच्या उंचवट्यांमागच्या खोलगट भागांत पाणी गुपचूप भरत जाते, ते प्रत्येक वेळी नव्याने पाहतो.

खाडीकाठ (ब्रिस्टल):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. तिथीच्या गणितावर त्यांनी मान डोलावली आणि मग वेस्टनचे त्या रविवारचे कोष्टक काढून मागितले. आम्ही ज्या वेळी चालायला निघालो, त्याआधी वीस मिनिटे भरती लागलेली होती.

एक शंका राहिली आहे. आईबाबा दुपारी दोघेच फिरायला जातात आणि त्यांना फोनवर इंग्रजीत जागा समजावून सांगणे जमणार नाही. त्यासाठी काही सोय आहे का?

टिटवी (कॉर्नवॉल):

फार महत्त्वाचे विचारलेत. २००४ च्या फेब्रुवारीत मोरेकॅम्बच्या उपसागरात शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले, तेव्हा इंग्रजी न येणे आणि अंधारात आपण कोठे आहोत हे सांगता न येणे, या दोन्ही अडचणी त्यांच्यासमोर होत्या. आईबाबांना तीन शब्द पाठ करून द्या: "कोस्टगार्ड", त्यानंतर किनाऱ्याचे नाव, आणि "मराठी". दुभाष्याला फोनवर जोडून घेता येते. पण तोपर्यंत निदान कोणत्या किनाऱ्यावर जायचे, हे तरी पथकाला कळलेले असते. किनाऱ्याचे नाव एका कागदावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या मागे चिकटवा आणि जाल तिथे कागद बदला. फोन ठेवू नका, असेही त्यांना सांगा. तो चालू ठेवला, तर पलीकडचा माणूस आम्ही दिसेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहतो.