'हॅम्लेट'ला मराठीत काय म्हणाल: वाडी, पाडा की वस्ती?

अनुवादिनी
यॉर्कशरमधल्या स्वेलडेल खोऱ्यावरचं एक प्रवासवर्णन मराठीत आणते आहे. मुकर हे चर्च असलेलं गाव, आणि तिथून मैलभरावर थ्वेट म्हणून मोजकी घरं, इंग्रजीत 'हॅम्लेट'. मी लिहिलं, 'मुकर गाव आणि त्याची थ्वेट वाडी.' संपादकांनी वाडीवर काट मारली. शेरा: 'इंग्लंडात वाड्या नसतात. पाडा करा.' मग पाडे असतात का? उद्या मजकूर द्यायचाय.

जुना_सातबारा
वाडीच. पाडा म्हटलं की जव्हार-मोखाडाच डोळ्यांपुढे येतो. वस्ती म्हणजे रानात बांधलेली दोन-चार घरं. वाडीचं नाव वेगळं, पण ती गावाची असते, दप्तर गावात. तिथेही थ्वेट मुकरच्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, असणार.

लीड्सकर
आहे. थ्वेट, केल्ड, अँग्रम सगळी त्याच पॅरिशमध्ये. फक्त मुकर नका लिहू, उच्चार म्यूकर आहे. (करोनातल्या म्युकरमायकोसिसनंतर मराठीत हे छापायला धीर लागेल, मान्य.)
गाव कुठलं आणि वाडी कुठली, हे तिथे जुन्या हिशेबानं चर्चवरून ठरतं. म्यूकरला चर्च झालं 1580मध्ये. त्याआधी खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोणी वारलं की वेताच्या टोपलीत घालून खांद्यावरून ग्रिंटनला न्यायचं, कारण दफनाची पवित्र भूमी तिथेच. केल्डपासून जवळजवळ 16 मैल. ती वाट अजून आहे, तिला 'कॉर्प्स रोड' म्हणतात. मी चाललोय त्यातला थोडा भाग. रिकाम्या हातानंही दम लागतो.

अनुवादिनी
अगंबाई, हा उल्लेख माझ्या पुस्तकात आहे. मी 'शववाट' केलंय.

शुद्धमती
'प्रेतमार्ग' अधिक प्रौढ वाटेल. आणि 'पॅरिश' तसंच का ठेवायचं?

जुना_सातबारा
प्रौढ कशाला? आपल्याकडे मढेघाट आहे की! वेल्ह्याकडून कोकणात उतरणारा. तानाजीचं शव त्या वाटेनं उमरठला नेलं म्हणून मढेघाट, असं सांगतात. सरळ 'मढेवाट' लिहा.

घाटवेडा
थांबा थांबा. मढेघाटाच्या माथ्यावर गाव कोणतं? केळद! आणि तुमची ती वाट निघते केल्डहून. हा योगायोग? मी तर म्हणतो, मूळ शब्द एकच.

लीड्सकर
केल्ड म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीत, झरा. त्या खोऱ्यातली निम्मी नावं नॉर्स आहेत. थ्वेट म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. गनरसाइड म्हणजे गुन्नर नावाच्या कुणाचं उन्हाळी चराईचं ठिकाण.

घाटवेडा
झरा? मग केळदला काय कमी पाणी आहे? पावसाळ्यात या, धबधबा दाखवतो.

शुद्धमती
या न्यायानं केळशीही नॉर्वेतून आली म्हणायची.

जुना_सातबारा
नात्याचा शब्द हवा तर खराखुरा घ्या. म्यूकरमधला 'कर' म्हणजे नॉर्स 'अक्र', शेत. इंग्रजीतला 'एकर' त्याच घराण्यातला, आणि तोच आपल्या सातबाऱ्यावर आला. संस्कृत 'अज्र'ही त्याच गोत्रातला. केळद राहू द्या.

अनुवादिनी
सगळं छान, पण वाडी की पाडा? आणि एक अडचण राहिलीच. त्या डोंगरांवर चुना-माती न वापरता रचलेल्या दगडी भिंती मैलोन्‌मैल आहेत. संपादकांनी 'कोरडी भिंत' केलंय.

मालवणी_मेवा
कोरडी? त्या पावसात? अहो, तो गडगा! आमच्या कलमांच्या बागेला आहे तसाच. आजोबा रचायचे. दोन्ही अंगांनी मोठे दगड, मधे बारीक चिपांची भर, आणि हातभर अंतरानं एक लांब दगड आरपार घालायचा, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. तो आरपार दगड विसरला की पहिल्या पावसात पोट फुगतं. मग आजोबा शिव्या घालत परत उभा करणार.

लीड्सकर
अगदी हेच! यॉर्कशरमध्येही असाच आरपार दगड घालतात. शिवाय मेंढ्यांपुरतं खाली एक भोक.

शुद्धमती
गडगा घाटावर किती जणांना कळेल? प्रमाण मराठीत लिहिताना प्रादेशिक शब्द टाळावेत. 'दगडी कुंपण' पुरे.

मालवणी_मेवा
कळत नसेल तर कळू दे की. 'कोरडी भिंत' तरी कुणाला कळली?

जुना_सातबारा
घाटावर याला 'ताल' म्हणतात.

घाटवेडा
ताल म्हणजे उतारावर माती अडवायला घातलेला. गडगा वेगळा.

जुना_सातबारा
आमच्या शेतात दोन्ही कामं एकच करतो. येऊन बघा.

अनुवादिनी
संपादकांचा फोन आला होता. 'गडगा' ठेवला, तळटीप न देता. वाडीचं म्हणाले, परत बघू. केळदबद्दल मी त्यांना काहीही बोललेले नाही.

घाटवेडा
का नाही?