दोघांसाठी लांब पल्ल्याची शिडाची बोट : 27 फूट की 32?

ऐरोलीकर :
नमस्कार मंडळी. रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. बायको आणि मी शीड शिकलो ते कुलाब्याला, अजून दुसऱ्यांच्याच बोटींवर जातो. आता स्वतःची घ्यायची. आधी मांडव्याहून कोकण किनाऱ्याने गोवा, मग लक्षद्वीप, निवृत्तीनंतर मालदीव आणि पुढे. मनात दोन जुन्या फायबर बोटी आहेत : अल्बिन वेगा 27 आणि कॉन्टेसा 32. मोठी घेतली तर नव्या शिडांना आणि दुरुस्तीला फारसे पैसे उरत नाहीत. बायकोची एकच अट आहे : झोपायला जागा कमी असली तरी चालेल, पण समोरून वारा आला की जागच्या जागी डुलत बसायचं नाही.

खारघरचा खलाशी :
ऐरोलीकर, लांबी नंतर, आधी वजन धरा. माणशी रोज चार लिटर पाणी म्हटलं तरी दोघांना वीस दिवसांसाठी 160 लिटर लागतं, म्हणजे 160 किलो. त्यावर डिझेल, शिधा, दोन नांगर आणि साखळी, अवजारं, लाइफराफ्ट, कपडे आणि तुम्ही दोघं. सातशे किलो कधी झाले ते कळत नाही. वेगाचं मूळ वजन साधारण 2.3 टन, कॉन्टेसाचं 4.3. तोच पसारा एका बोटीला तीस टक्के जड करतो, दुसरीला सोळा. जड झालेली छोटी बोट खाली बसते, तिची चाल जाते, आणि वाऱ्याकडे चढणं तर पहिलं सुटतं.

गोव्याला जाताना हे जाणवणार नाही. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा खारा वारा पाठीशी असतो, सव्वादोनशे सागरी मैल मजेत कापाल. परत येताना तोच वारा नाकावर. मग पहाटेच्या मतलईवर किनारा धरून उत्तरेला सरकायचं आणि दुपारचा वारा चढायच्या आत जयगड, दाभोळ, दिघी असं एखादं बंदर गाठायचं. मतलई लवकर पडली की उरलेले मैल वाऱ्याशी झगडत काढावे लागतात. वहिनींची अट अगदी बरोबर आहे, तिलाच पहिला नंबर द्या.

मात्र मोठी बोट घेऊन जुन्या तारांवर निघणार असाल तर नका घेऊ. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांनी बदलायच्याच, आणि चेनप्लेट, म्हणजे त्या तारा बोटीला जिथे अडकतात त्या धातूच्या पट्ट्या, काढून बघायच्या, काढून! डेकमधून जातात तिथे पाणी मुरतं आणि स्टेनलेस आतून खात जातं. वरून चकचकीतच दिसतं. कारखान्यात गंज बघणाऱ्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

दिवाळे कोळीवाडा :
भाऊ, बोट ठेवणार कुठे ते आधी सांगा. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. सुकतीला ऐरोलीसमोर नुसता गाळ, फ्लेमिंगो चरतात त्यात. कॉन्टेसाला 1.65 मीटर पाणी लागतं, वेगाला 1.17. गाळात बसली की दोन्ही आडव्या होणार. शिवाय मध्ये वाशीचे पूल, डोलकाठी उभी ठेवून घरापर्यंत आणायचा बेत धरू नका. दोन कीलची, म्हणजे तळाला दोन पंख असलेली, बोट असते ती गाळावर सरळ उभी राहते, ती बघितली का? आणि पावसाळ्यात बोट वर ओढावीच लागेल, तेव्हा बोटीचं वजन पेलणारी क्रेन जिथे आहे तीच तुमची जागा.

कोपरीकर :
नाखवा, दोन कीलची बोट गाळाला उत्तम, पण वाऱ्याकडे चढायला त्यातल्या बऱ्याचशा कमी पडतात. वहिनींची अट तिथेच मोडते.

कॉन्टेसाची बाजू सांगते. 1979 च्या फास्टनेट या इंग्लंडच्या शिडाच्या शर्यतीत 303 बोटी निघाल्या, वादळात 15 स्पर्धक गेले. सर्वांत लहान बोटींच्या गटातून एकच बोट शर्यत पुरी करून आली, ती 'असेंट' नावाची कॉन्टेसा 32. अंग अरुंद, खाली शिशाचा भार, म्हणून कलली तरी पुन्हा उभी राहते. त्याच अरुंदपणामुळे आत जागा कमी आणि लाटांत डेक सतत भिजलेला. पण 32 हा आकडा हमी नाही. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, 32 फुटीच, 1968-69 मध्ये न थांबता जग फिरून आली. तिच्याच घडणीची, गोव्यात बांधलेली 'थुरिया' 2018 मध्ये आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमींना घेऊन दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठ्या मोडल्या.

तुम्ही मात्र डिसेंबर ते मार्चमध्ये ईशान्येच्या वाऱ्यावर मालदीवला निघणार. त्यासाठी सामान आवरतं घेऊन वेगासुद्धा पुरेल. मी वेगा घेईन आणि उरलेले पैसे शिडांवर घालीन.

ऐरोलीकर :
नाखवा, बोट मांडव्याच्या बाजूलाच ठेवू, क्रेनची चौकशी या रविवारी करतो. कोपरीकर ताई, सामान आवरतं घेणं आमच्या घरात अवघड आहे, दोघंही अवजारवाले. कॉन्टेसाच बघतो, पण तारा आणि चेनप्लेटचे पैसे किमतीतून वळते करून. आणखी एक : रात्री दोघांत आळीपाळीने पहारा, मग सुकाण विंडव्हेनवर (वाऱ्याच्या जोरावर सुकाण धरणारं यंत्र) सोपवायचं की विजेच्या ऑटोपायलटवर?

खारघरचा खलाशी :
विंडव्हेन. वीज खात नाही, आणि वारा वाढला की तिचा जोरही वाढतो. वारा पडून इंजिनवर जाताना ती निकामी, तेवढ्यासाठी टिलरला, म्हणजे सुकाणाच्या दांड्याला, लावायचा छोटा ऑटोपायलट घ्या.